एकाच तारखेचे दोघे: गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे वाढदिवस

तबकडीप्रेमी

रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या कुठल्या ना कुठल्या गटावर 'आजचा दिनविशेष' येऊन पडतो. अमुक गायकाची जयंती, खाली फोटो, त्याखाली जोडलेले हात आणि फुलं. हा माणूस गात काय होता, शिकला कुठे, पोटासाठी आधी काय करत होता, याचा पत्ता नाही. नुसत्या तारखा पाठ करून करायचंय काय?

तर खेळ असा. एक तारीख घ्यायची आणि त्या दिवशी जन्मलेले दोन-तीन कलाकार पकडायचे, पण एकाच आळीतले नकोत. प्रत्येकाची कारकीर्द चार-पाच ओळींत सांगायची. थोर कोण, हा वाद इथे नको. त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत.

माझी तारीख ८ सप्टेंबर.

आशा भोसले, १९३३, सांगली. पहिलं चित्रपटगीत मराठीत, 'माझं बाळ' (१९४३), संगीत दत्ता डावजेकरांचं. हिंदीत सुरुवातीला इतरांनी नाकारलेली गाणी वाट्याला आली. ओ. पी. नय्यरनी 'नया दौर'मध्ये (१९५७) नायिकेची गाणी दिली तेव्हा गाडी रुळावर आली. पुढे पंचम म्हणजे राहुलदेव बर्मन, मग खय्यामकडे 'उमराव जान' (१९८१) आणि पहिला राष्ट्रीय पुरस्कार. सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकेच्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमचीच गाणी नव्याने गायल्या.

भूपेन हजारिका, १९२६, आसामातलं सदिया. लहान वयातच 'इंद्रमालती' या असमिया चित्रपटात गायले. कोलंबिया विद्यापीठात पीएचडी (१९५२). न्यूयॉर्कला काळे अमेरिकन गायक पॉल रोबसन भेटले, आणि मिसिसिपी नदीवरचं त्यांचं गाणं भूपेनदांनी ब्रह्मपुत्रेवर आणून सोडलं. फाळके पुरस्कार १९९२चा, भारतरत्न मरणोत्तर २०१९ला.

आणि तिसरा जिमी रॉजर्स, १८९७, मिसिसिपीतलं मेरिडियन. रेल्वेत ब्रेक सांभाळणारा गडी. क्षयाने नोकरी सोडायला लावली, मग गाणं. अमेरिकन कंट्री संगीताचा जनक म्हणतात तो हाच. १९३३ साली न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर पडून राहायचा. त्यानंतर काही दिवसांतच गेला, वय ३५.

कंट्रीतलीच पॅट्सी क्लाइन (१९३२) हीसुद्धा याच तारखेची. विमान अपघातात तिशीतच गेली. पण एका आळीतले दोन नकोत, हा नियम मीच केलाय, म्हणून नुसता उल्लेख.

आडवा_ताल

वा! रॉजर्सचं नाव काढलंत म्हणून ४ ऑगस्ट घेतो, कारण तो तुमच्या ८ सप्टेंबरला येऊन चिकटतो.

४ ऑगस्ट १९२९, खांडवा: आभासकुमार गांगुली म्हणजे किशोर. ४ ऑगस्ट १९०१, न्यू ऑर्लिन्स: लुई आर्मस्ट्राँग. पहिल्याचं पार्श्वगायन 'जिद्दी'पासून (१९४८) सुरू, पण बरीच वर्षं लोक त्याला नटच समजायचे. 'आराधना' (१९६९) आला आणि पुढची अठरा वर्षं दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. दुसरा गरिबीतून सुधारगृहात पोचलेला पोरगा, तिथे कॉर्नेट हाती आलं. १९२२ला किंग ऑलिव्हरच्या बोलावण्यावरून शिकागो. १९२५पासूनच्या 'हॉट फाइव्ह'च्या तबकड्यांनी जॅझमध्ये एकट्याने वाजवायची जागा इतकी मोठी केली की बाकीचे मागे साथीला गेले. १९६४ साली बासष्टाव्या वर्षी या बाबाने अमेरिकेच्या यादीत बीटल्सना पहिल्या नंबरवरून खाली ओढलं.

आता जोडणी. जिमी रॉजर्सने आयुष्यातलं पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते ब्रिस्टल, टेनेसी इथे, आणि तारीख होती ४ ऑगस्ट १९२७. १९३०च्या जुलैत लॉस एंजेलिसला त्याने नववं 'ब्लू योडल' गायलं (योडल म्हणजे आवाज खालच्या-वरच्या पट्टीत झटकन उलटवत गाणं). त्यावर ट्रम्पेट आर्मस्ट्राँगचं आणि पियानो त्याची बायको लिल हार्डिनचा. लेबलवर दोघांचीही नावं नाहीत.

आणि किशोरचं योडलिंग? ते रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून उचललं असं सांगितलं जातं. म्हणजे ४ ऑगस्टच्या दोघांना सांधणारा माणूस ८ सप्टेंबरचा, आणि त्याच ८ सप्टेंबरच्या आशाबाई किशोरबरोबर शेकडो द्वंद्वगीतं गाणार. ग्रहगोल मी मानत नाही, पण 'ब्लू योडल नंबर नाइन' आणि किशोरचं कुठलंही योडलचं गाणं पाठोपाठ लावा. नातं कानालाच कळतं.

मराठीत किशोर हवा असेल तर 'गंमत जंमत' (१९८७). संगीत अरुण पौडवाल, सोबत अनुराधाबाई. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तो गेला, थोरल्या भावाच्या, अशोककुमारांच्या वाढदिवशी.

वाचनमात्र_होते

केवळ या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. _/\_

मडगांवचो_पाव

आर्मस्ट्राँग आला आणि गोवा आला नाही, असं कसं चालेल?

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. नाव घेतलं चिक चॉकलेट. ट्रम्पेट, हातरुमाल, घोगरा आवाज, सगळं लुईवरून. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत वाजवायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्या काळात ताजमध्ये टेडी वेदरफर्ड नावाचा काळा अमेरिकन पियानोवादकही होता. तो शिकागोत खुद्द लुईबरोबर वाजवून आलेला, पुढे १९४५ला कलकत्त्यात वारला. म्हणजे आमच्या पोरांना ते वादन नुसतं तबकडीवरून मिळालं नाही.

आता मराठी माणूस: सी. रामचंद्र, जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे. रामचंद्र नरहर चितळकर. आधी पडद्यावर नट व्हायला गेले, मग संगीतात. 'अलबेला' (१९५१) ऐका. त्या गाण्यांत बिगुलासारखी मुसंडी मारणारी पितळी वाद्यं आहेत ती चिक आणि मंडळींची, आणि त्याचा ताफा पडद्यावरही दिसतो. त्याच अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, दोन वर्षांनी 'अनारकली' केला, त्यात या सगळ्याचा मागमूस नाही. एका माणसाच्या पेटीत दोन्ही कशी मावत होती देव जाणे.

गोव्याचे वादक आणि संयोजक नसते तर हिंदी सिनेमाच्या संगीताला अर्धं अंगच राहिलं असतं. दिनविशेषात त्यांची नावं कधी येत नाहीत, ही माझी तक्रार नोंदवून ठेवा.

कट्टर_सदाशिव

धागा छान आहे, पण मुळात वाढदिवस ही आपल्या संगीताची रीत नाही. आपल्याकडे पुण्यतिथी. पुण्यात १९५३ साली भीमसेनजींनी सुरू केलेला महोत्सव गुरू सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा. ते गेले १२ सप्टेंबर १९५२ला, महोत्सव आता डिसेंबरात होतो, तरी नाव पुण्यतिथीचंच लागलं. तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना पुष्य वद्य पंचमीला, म्हणजे समाधीच्या तिथीला. गुरू गेल्यावर शिष्य एकत्र येऊन गातात, त्याला अर्थ आहे. केक कापण्याला काय अर्थ?

आडवा_ताल

@कट्टर_सदाशिव, ही रीत फक्त आपली कुठे? एल्विस प्रेस्ली जन्मला ८ जानेवारी १९३५ला, पण मेम्फिसला मोठी जत्रा भरते ती ऑगस्टमध्ये. १५ ऑगस्टच्या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन त्याच्या घराच्या आवारात थडग्यापाशी जातात, कारण तो गेला १६ ऑगस्ट १९७७ला.

बाय द वे, १६ ऑगस्ट ही तारीखच वाईट. ब्लूजचा रॉबर्ट जॉन्सन १९३८ला, एल्विस १९७७ला, नुसरत फतेह अली खान १९९७ला, अरेथा फ्रँकलिन २०१८ला. जन्मलेल्यांत मॅडोना (१९५८) आहे, तेवढाच दिलासा.

न्यूजर्सीकर

सदाशिवकाका, सवाई गंधर्वांचं नाव तुम्हीच काढलंत, आता ऐका. रामभाऊ कुंदगोळकरांचा जन्म १९ जानेवारी १८८६. त्याच तारखेला जॅनिस जॉप्लिन (१९४३) आणि डॉली पार्टन (१९४६).

रामभाऊ अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेले. मोठं काम मात्र शिष्य घडवण्याचं: भीमसेन, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर. जॅनिस टेक्सासच्या तेलाच्या गावातली, बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकत वाढलेली. १९६७च्या माँटेरी महोत्सवात एका गाण्याने नाव झालं, आणि ऑक्टोबर १९७०मध्ये सत्ताविसाव्या वर्षी खेळ आटोपला. शेवटचा अल्बम ती गेल्यावर आला.

डॉलीची एक गोष्ट सांगायलाच हवी. टेनेसीच्या डोंगरातलं घर, बारा भावंडं. जिथे नाव झालं तो पोर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडताना निरोपाचं गाणं लिहिलं, ते १९७४ला गाजलं. एल्विसला ते गायचं होतं, पण त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्करने गाण्याच्या हक्कातला अर्धा वाटा मागितला. बाईने चक्क नाही म्हटलं. एल्विसला! १९९२ला व्हिटनी ह्यूस्टनने तेच गायलं आणि ते जगभर वाजलं, हक्क डॉलीकडेच. आपल्याकडे मानधनावरून आणि रॉयल्टीवरून गायक-संगीतकारांत जे झालं ते आठवून बघा आणि या बाईला दाद द्या.

आमच्या नेवार्कचा पॉल सायमन १३ ऑक्टोबर १९४१चा, आणि नुसरतही १३ ऑक्टोबरचाच (१९४८, लायलपूर). दोघांवर सविस्तर उद्या लिहितो, इथे रात्र झाली.

माई_सोलापूर

डॉली पार्टन आणि सवाई गंधर्व एका परिच्छेदात! हसून हसून पुरेवाट. पण रामभाऊ स्त्रीभूमिका करायचे हे लिहिलंत म्हणून माझी एक तारीख. २६ जून १८८८, बालगंधर्व. कानाचं दुखणं होतं, शाहू महाराजांनी मिरजेला उपचार करवले आणि १९०५ला पोरगा किर्लोस्कर मंडळीत लागला. शाहू महाराजांचाही जन्म २६ जूनचाच. आता माझ्या नातीची आवडती ती आरियाना ग्रान्दे, तीही २६ जूनची (१९९३). नात सांगते की तीसुद्धा आधी ब्रॉडवेवर संगीत नाटकात होती, १५ वर्षांची असताना. घ्या, दोघंही नाटकातले.

कट्टर_सदाशिव

माई, तुमच्याशी वाद घालत नाही. नातीला 'मानापमान' ऐकवा एवढंच. हलके घ्या.

ठोकताळा

सगळे तारखा छातीठोकपणे सांगताहेत म्हणून थोडं पाणी ओततो. कलाकारांच्या तारखा भलत्या लवचीक असतात.

आर्मस्ट्राँग जन्मभर आपली तारीख ४ जुलै १९०० सांगत आला. म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि वर शतकाचं गोल साल. तो १९७१ला गेला, आणि १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली: ४ ऑगस्ट १९०१. त्याने हयातभर केक चुकीच्या दिवशी कापला.

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा वाढदिवस जग २५ फेब्रुवारीला (१९४३) धरतं. उतारवयात तो म्हणायला लागला की आपला जन्म २४च्या रात्री बारा वाजायच्या आतला.

तमिळ संगीतकार इलैयाराजांचं आणखी वेगळं. जन्म ३ जून १९४३चा, पण त्याच दिवशी करुणानिधींचा वाढदिवस. त्यांनीच यांना 'इसैज्ञानी' पदवी दिलेली. तर लोकांनी ३ तारखेला त्यांनाच शुभेच्छा द्याव्यात म्हणून राजासाहेबांनी आपला वाढदिवस २ जूनवर आणला. १९७६च्या 'अन्नक्किळी'पासून हजारावर चित्रपट करणाऱ्या माणसाने वाढदिवस असा सोडून द्यावा, हे मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त भावतं.

आणि आपले लक्ष्मीकांत कुडाळकर. लक्ष्मीपूजनाचा जन्म म्हणून लक्ष्मीकांत. तारीख ३ नोव्हेंबर १९३७. आईला मुलाचा वाढदिवस कधी विचारलं असतं तर ती दिवाळीत म्हणाली असती, ३ नोव्हेंबरला नाही. बालपण हलाखीत, मँडोलिनवर घर चाललं, लताबाईंनी पोराचा हात ओळखला. मग प्यारेलालबरोबर 'पारसमणी' (१९६३), आणि तिथून पुढे ३५ वर्षं जोडी फुटली नाही, थेट १९९८ला लक्ष्मीकांत जाईपर्यंत.

सदाशिवकाका, वाढदिवस गाऊनही साजरा होतो बरं का. येसुदास (१० जानेवारी १९४०) वाढदिवसाला कोल्लूरच्या मूकांबिकेपुढे गायला बसायचे. केक नाही.

टेबललँड

५ सप्टेंबर १९४६, झांझिबार: फारुख बुलसारा, म्हणजे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी. पारशी घर, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला. तिथेच पियानो शिकला, तिथेच शाळासोबत्यांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड, आणि फ्रेडी हे नावही तिथलंच. १९६४ला झांझिबारमध्ये क्रांती झाली तेव्हा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७०ला क्वीन, १९७५ला त्यांचं ते सहा मिनिटांचं गाणं नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर, १३ जुलै १९८५ला 'लाइव्ह एड' कार्यक्रमातली वेम्ब्लीवरची वीसेक मिनिटं, २४ नोव्हेंबर १९९१ला अखेर.

आपल्याकडे ५ सप्टेंबरला शिक्षकांना गुलाब देतात. पाचगणीच्या पियानो शिकवणाऱ्या बाईंना त्यातला एक माझ्यातर्फे. इथल्या धुक्यात आणि स्ट्रॉबेरीच्या पाट्यांत फ्रेडीचं नाव कुठे दिसत नाही. पर्यटक पॉइंट विचारतात, शाळा विचारत नाहीत.

ट्यूबलाइट

मी घेतो २७ नोव्हेंबर. जिमी हेंड्रिक्स (१९४२, सिएटल) आणि बप्पी लाहिरी (१९५२, जलपायगुडी). दगड मारू नका, आधी वाचा.

हेंड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताचं गिटार उलटं धरून तारा बदलून वाजवायचा. सैन्यात पॅराट्रूपर, मग लिटल रिचर्डसारख्यांच्या मागे साथीला. १९६६ला लंडनला नेला तेव्हा तिथले भलेभले गिटारवाले हादरले. पुढे मिळाली ती चारच वर्षं. १८ सप्टेंबर १९७०ला संपलं, वय २७.

बप्पीदा गवयांच्या घरातले, आईवडील दोघं गाणारे, पोर लहानपणापासून तबल्यावर. लोकांना सोनं आणि डिस्को तेवढा आठवतो. 'चलते चलते' (१९७६) ऐका आणि मग बोला. अंगावरचं सोनं एल्विसवरून घेतलं असं ते स्वतःच सांगायचे. 'डिस्को डान्सर' (१९८२) सोव्हिएत रशियात डोक्यावर घेतला गेला. आणि त्या नायकाचं नाव काय? जिमी! त्याच्या आईचा जीव विजेच्या गिटारने जातो आणि जिमीला गिटारची धास्ती बसते. खऱ्या जिमीने गिटार पेटवलं होतं. मला तरी हा योगायोग पुरेसा आहे.

कट्टर_सदाशिव

पेटवलेल्या गिटारीवरूनच सांगतो. रविशंकरांना तो प्रकार अजिबात रुचला नव्हता. वाद्य ही पूजेची वस्तू. त्याच माँटेरीत, १८ जून १९६७च्या दुपारी ते वाजवून गेले आणि रात्री हेंड्रिक्सने जाळपोळ केली. पंडितजी ७ एप्रिल १९२०चे. दहाव्या वर्षी उदयशंकरांबरोबर पॅरिस, १९३८ला झगमगाट सोडून मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे. ते मैहर नसतं तर माँटेरीही नसतं.

न्यूजर्सीकर

७ एप्रिल जॅझ गायिका बिली हॉलिडेची पण (१९१५). झगमगाट सोडणारा एक, आणि दुसरीला तो कधी धड मिळालाच नाही.

आणि काका, १८ जून १९६७ म्हणजे पॉल मॅकार्टनीचा पंचविसावा वाढदिवस. महोत्सवाच्या मंडळावर तो होता आणि हेंड्रिक्सला बोलवा असं सुचवणाराही तोच! त्याची वाढदिवसाची भेट तुमच्या पंडितजींना भोवली.

वाचनमात्र_होते

२९ फेब्रुवारी कुणी घ्यायची? मोरारजी देसाई सोडून कुणी आठवत नाही.

तबकडीप्रेमी

२९ फेब्रुवारी १७९२ला इटलीत रोसिनी. १८०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून १८६८ला शहात्तराव्या वर्षी गेला तेव्हा खऱ्या तारखेचे वाढदिवस अठराच झाले होते. १८२९नंतर त्याने ऑपेरा लिहायचा नाद सोडला आणि लोकांना जेवू घालत बसला.

लोकप्रिय संगीतात जिमी डॉर्सी, १९०४, पेनसिल्व्हेनिया. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. धाकटा भाऊ टॉमी ट्रॉम्बोनवर. दोघांचा ताफा जोरात असताना १९३५ला भर कार्यक्रमात एका गाण्याच्या लयीवरून बिनसलं. जिमी म्हणाला लय चढलीय, टॉमी उठला आणि चालू लागला. दोघांनी वेगळे ताफे काढले, दोन्ही तुफान चालले. १९५३ला परत एकत्र आले. टॉमी १९५६ला गेला, जिमी पुढच्याच वर्षी.

आडवा_ताल

मी टॉमीच्या बाजूने. नाचायला आलेल्या लोकांपुढे लय थोडी चढलेलीच बरी.

कट्टर_सदाशिव

मी जिमीच्या. लय चढवून टाळ्या कुणीही घेतं.